चार बोटांची जागा

पुंजारामनं ज्वारीच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घातला, शेंदराची पिशवी तळाला दाबली, वरचे दाणे सारखे केले आणि झाकण लावून त्याच्यावर एक जुनी गोधडी टाकली. बहात्तराव्या वर्षी स्वतःच्याच घरात चोरी करायची वेळ आली होती, आणि सराव नसल्यामुळे त्याला घाम फुटला होता. बाहेर ओट्यावर त्याची सून पूजा शेंगा फोडत बसली होती. तिनं आत डोकावून विचारलं,

"आप्पा, काय हुडकताय का?"

"न्हाई. उंदीर हाय का बघत हुतो."

"गावला का?"

"पळाला," म्हणत पुंजारामनं टोपी डोक्यावर ठेवली आणि तो घराबाहेर पडला.

दोन किलो शेंदूर त्याच्या मुलानं, गोरक्षनं, आजच कर्जतहून आणला होता. येत्या रविवारी तो तेलात कालवून माळावरच्या म्हसोबाला लावायचा होता. देवापुढं फरशी बसवायची, फरशीत 'कै. मुक्ताबाई पुंजाराम यांच्या स्मरणार्थ' अशी पाटी बसवायची आणि वस्तीला जेवण घालायचं, असा गोरक्षचा बेत होता. मुक्ताबाई म्हणजे पुंजारामची बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. पोरगा आईसाठी एवढं करतो म्हणून सगळी वस्ती गोरक्षचं नाव काढत होती. एकटा पुंजाराम शेंदराला नको म्हणत होता. का नको, असं कुणी विचारलं की 'नको म्हंजी नको' यापलीकडे त्याच्याजवळ उत्तर नव्हतं. होतं, पण ते सांगता येण्यासारखं नव्हतं.

वस्तीपासून म्हसोबाचा माळ दहा मिनिटांवर. देऊळ नाही, मूर्ती नाही. बसलेल्या रेड्याएवढा एक काळा खडक, तोच देव. पण त्या खडकाच्या मावळतीच्या अंगावर भगव्या रंगाचा एक थर होता, दगडात मुरल्यासारखा पातळ आणि खरबरीत. तो कुणी लावलेला नव्हता. पुंजारामच्या आज्याच्या आज्यानंही लावलेला नव्हता. कुणी हात न लावता शेंदूर चढलेला हा देव, याचा वस्तीला फार अभिमान. 'शिंगणापूरला घराला दारं लागत न्हाईत, आमच्याकडं देवाला शेंदूर लागत न्हाई,' असं जुनी माणसं पाहुण्यारावळ्यांना ऐकवायची. आता पोराबाळांना हे पुरत नव्हतं. त्यांना देव दुरून, डांबरी रस्त्यावरून दिसायला हवा होता.

पुंजाराम माळावर पोचला तेव्हा खडकापाशी एक बाई गुडघे टेकून बसली होती. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात भिंग, शेजारी वही आणि एक छोटी मोजपट्टी. आधी त्याला वाटलं, नवस फेडायला आलेली कुणी असेल. पण नवसाची बाई देवाला पट्टी लावून मोजत नाही.

"कोन गं बाई तू?"

ती उठून उभी राहिली. पस्तिशीची असेल.

"मी रोहिणी. संगमनेरच्या कॉलेजात शिकवते, बाबा. हे जे खडकावर आहे ना, त्याचा अभ्यास करते. तुमच्या भागात फिरतेय आठवडाभर. चप्पल काढूनच बसलेय हं."

खरंच, चपला लांब ठेवलेल्या होत्या. पुंजाराम जरा निवळला. संगमनेर ऐकूनही निवळला असेल. मुक्ताबाई प्रवरेच्या काठची होती.

"आमच्या मंडळी तुमच्याच भागातल्या हुत्या," तो म्हणाला आणि सावलीच्या बाजूला टेकला. "शेंदराचा कसला अभ्यास करायचा?"

"शेंदूर नाहीये बाबा हा. जिवंत आहे. मसाल्यात दगडफूल घालतात ना, त्याचंच हे लांबचं भावंड. ते सुटं होऊन निघतं, हे दगडाला असं चिकटतं की दगडासकट खरवडावं लागतं. याला ना मूळ, ना पान. पाऊस पडला की जागं व्हायचं, ऊन झालं की गप पडून राहायचं."

दगडफूल हा शब्द ऐकून पुंजारामनं मान दुसरीकडे वळवली.

"आणि हे एक नाही, दोन आहेत," ती सांगत होती. शिकवायची सवय, थांबवणार कोण. "एक बुरशी, एक शेवाळ. एक घर धरतं, दुसरं आत बसून रांधतं. वेगळी केली तर या उन्हात दोघंही जगत नाहीत."

"मंजी नवराबायकूच म्हना की."

"म्हणा," ती हसली. मग पुन्हा खाली वाकून तिनं एका जागी बोट ठेवलं. "मला एक सांगा बाबा. इथं कुणीतरी खुरप्यानं खरवडलंय. फार जुनं आहे. पन्नास वर्षं तरी झाली असतील. तुम्हाला काही आठवतंय?"

पुंजारामनं टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. भगव्या थराच्या मधोमध एक काळी उघडी पट्टी होती, वीतभर उंच. त्या पट्टीबद्दल वस्तीत वाटेल ते बोललं जाई. कुणी म्हणे वीज चाटून गेली, कुणी म्हणे मेंढरांनी अंग घासलं. पण सगळ्यांत चालणारी गोष्ट अशी होती, की बहात्तरच्या दुष्काळात देवानं वस्तीवरचा घाव आपल्या अंगावर घेतला, त्याचा तो वण. पाहुण्यांना तो वण मुद्दाम दाखवत. खरवडलंय हे मात्र बावन्न वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. आणि ही बाई घटकाभर दगडापाशी काय बसली, हिला दगडानं सगळं सांगून टाकलं.

"न्हाई बा," पुंजाराम म्हणाला. "वीज पडल्याली हाय तिथं."

त्याला सगळं आठवत होतं. वैशाखात लग्न झालं, त्याला आठच दिवस झाले होते. मुक्ता सतरा वर्षांची, आईवेगळी, मामाकडं वाढलेली. मामा कुणाच्यातरी मळ्यात सालगडी. पुंजारामच्या घरची ऊसतोडीला गेली तेव्हा तिथंच मळ्याच्या कडेला दोन्हीकडच्या माणसांनी सोयरीक ठरवली होती. नदीकाठची पोर, तिच्या गावात ढेकूळ गावेल पण दगड गावायचा नाही. घरात मसाला कुटण्याची तयारी चालली होती. पुंजारामची आई दगडाबाई शेजारणीकडून उखळ आणायला निघाली आणि जाता जाता सुनेला म्हणाली, "तेवढं दगडफूल घेऊन ये गं." उतरंडीवरच्या तिसऱ्या मडक्यात पुडी होती, हे सांगायचं राहून गेलं. नव्या नवरीनं सासूला उलटून विचारायचं कसं? तिनं खुरपं उचललं आणि माळाची वाट धरली. दगडावर फुललेलं ते दगडफूल, यात तिला काही अवघड वाटलं नाही. माळावरच्या सगळ्या खडकांत जो जास्त फुललेला होता, तोच तिनं धरला. तो देव आहे हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

पदराच्या गाठीत मूठभर भगवा भुगा घेऊन ती आली आणि भाजलेल्या धन्या-मिरच्यांत तो टाकून मोकळी झाली. पुंजाराम घरात आला तेव्हा दगडाबाई जोरजोरात मसाला कुटत होती, आणि नव्या नवरीच्या पदराला भगवा डाग होता. त्यानं विचारलं, तिनं सांगितलं. ऐकून तो जो हसत सुटला, तो गोठ्यामागं जाऊन कडब्यात तोंड खुपसून हसला. मुक्ता मात्र पांढरीफटक पडली होती. "कुनाला सांगू नका. माज्या गळ्याची आन हाय," ती म्हणाली. आणि त्यानं सांगितलं नाही, ना आईला, ना मुलाला. त्या वर्षीचा मसाला घरादारानं वर्षभर खाल्ला. वडील जेवताना म्हणायचे, "औंदा मसाल्याला रंग झ्याक हाय, पर कचकच लागती." पुंजाराम ताटात बघून हसू दाबायचा.

त्यानंतर चाळीस वर्षं दोघांनी कोयता चालवला. दिवाळी झाली की गाडी जुंपायची, सहा महिने उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत काढायचे, उन्हाळ्यात परत यायचं. लेकरं झाली, एक गेलं, एक राहिलं. परत आलं की दोघं आधी माळावर जायची. मुक्ताबाई पट्टीवर हात ठेवायची आणि म्हणायची, "माजं चुकल्यालं अजून तसंच हाय बघा." पुंजाराम हसायचा, की तिच्या तोंडाला पदर लागायचा. वस्तीतली माणसं पाहुण्यांना तो वण दाखवून दुष्काळाची गोष्ट सांगायची, तेव्हाही तिच्या तोंडाला पदर असायचा. एवढ्या कष्टाच्या संसारात दोघांच्या मालकीची अशी गंमत एवढीच होती. ती गेल्यापासून पुंजाराम रोज एकदा माळावर यायचा. तिचा फोटो घरात होता, पण तो मतदार कार्डावरून मोठा केलेला, आणि त्यात ती कुणीतरी दुसरीच दिसायची.

"तुम्ही रोज येता इथं?" रोहिणीनं विचारलं.

"येतो." त्यानं बोटं पुढं केली आणि खडकावरच्या काळ्या पट्टीत आडवी ठेवली. दोनच मावली, तीही दाटीनं. "आधी चार बसायची. ऊस तोडून तोडून बोटं जाड झाली माजी."

रोहिणीनं त्याच्या बोटांकडं पाहिलं, मग पट्टीकडं.

"बोटं नाही वाढली बाबा. हे वाढतंय. दोन्ही कडांनी आत सरकतंय. अशा कोरड्या भागात वर्षाला अर्धा मिलीमीटर, फार तर. बाजरीच्या दाण्याच्या निम्म्यानंसुद्धा नाही. पण थांबत नाही. आणखी पंचवीस-तीस वर्षांत ही जागा भरून जाईल. खरवडलं होतं हे कुणाला ओळखूही येणार नाही."

पुंजारामनं बोटं काढून घेतली. जे तसंच आहे म्हणून तो रोज बघायला येत होता, ते रोज थोडं थोडं मिटत होतं, आणि त्याला बोटं मोजूनसुद्धा कळलं नव्हतं. त्याला वाईट वाटलं. मग त्यानं हिशोब केला, पंचवीस वर्षांनी आपण कुठं असणार? आपल्यापुरतं पुरेल. फक्त रविवार टळला पाहिजे.

"रविवारी याला शेंदूर लावनार हायत," तो म्हणाला. "तेलातला. माजाच पोरगा."

"मग संपलं," रोहिणी म्हणाली. "तेल बसलं की याचा जीव कोंडतो. दोनतीनशे वर्षांचं असेल हे."

"तू सांगशील का त्याला? माजं ऐकत न्हाई. शिकल्याल्या मानसाचं ऐकल."

रोहिणी त्याच संध्याकाळी घरी आली. गोरक्ष टेम्पो लावून नुकताच हातपाय धूत होता. शेहेचाळीस वर्षांचा, बापासारखाच बुटका आणि आडवा. पूजानं चहा केला. रोहिणीनं मोबाईलवर मोठे केलेले फोटो दाखवले, बुरशी आणि शेवाळाची गोष्ट सांगितली, आणि खरवडलेल्या जागेचंही सांगितलं. गोरक्षनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. खरवडलेल्या जागेचा फोटो आला तेव्हा तो तेवढ्यावर मोबाईल धरून जरा वेळ थांबला, आणि मग मोबाईल त्यानं परत दिला.

"मॅडम, तुमचं पटतंय मला," तो म्हणाला. "पर हे काम मला करावंच लागंल. दुसरं काई सांगा, माळावर कुनाला दगड फोडू देनार न्हाई, बाकीच्या खडकांना हात लावू देनार न्हाई. पर हे न्हाई थांबायचं."

"का पण?"

"देवाचं हाय," गोरक्ष म्हणाला आणि उठला.

पुंजारामनं भिंतीला टेकून डोळे मिटले. शिकलेल्या माणसाचंही पोरगं ऐकत नाही म्हटल्यावर आता पिशवीवरच भरवसा होता.

तो भरवसा शनिवारी सकाळी संपला. पूजा भाकरीसाठी जोंधळा काढायला गेली आणि कोपरापर्यंत भगवा हात घेऊन बाहेर आली. "आवं, हा बघा आप्पांचा उंदीर," म्हणत तिनं नवऱ्यापुढं फुटलेली पिशवी धरली. गोरक्ष हौदापाशी टेम्पो धूत होता. त्यानं पाईप खाली ठेवला. पिशवीकडं बघितलं, बापाकडं बघितलं. मग बायकोला म्हणाला, "तू जा. ज्वारी चाळून घी."

दोघंच राहिले. पुंजाराम हौदाच्या कठड्यावर बसला. पाण्याचा पाईप जमिनीवर तसाच वाहत होता आणि त्याच्या पायापर्यंत चिखल येत होता. आता सांगायलाच हवं होतं. बायकोच्या गळ्याची शपथ होती, पण तो गळाच आता राहिला नव्हता, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

"गोरख, त्या खडकावर जो वन हाय ना," तो म्हणाला, "तो दुष्काळाचा न्हाई. तुजी आई नवी नवरी हुती, तवा..."

"खुरप्यानं खरवडला," गोरक्ष म्हणाला. "दगडफूल म्हनून. ठावं हाय मला."

पुंजारामनं मान वर केली.

"कुनी सांगितलं?"

"आईनं. नगरला दवाखान्यात हुती तवा. तुमी डबा आनायला गेल्ता."

"तिनं सांगितलं?" पुंजारामला पहिल्यांदा आश्चर्य वाटलं, मग थोडा हेवा वाटला. मग तो हसायला लागला. "मसाल्याचंबी सांगितलं का? तुजा आजा म्हनायचा, कचकच लागती..."

गोरक्ष हसला नाही. त्यानं जाऊन नळ बंद केला आणि परत येऊन बापाच्या शेजारी बसला.

"आप्पा, ती रडत हुती सांगताना. म्हनली, मी देवाचं अंग सोलून खाल्लं, घरादाराला खायला घातलं. म्हनून माजी पहिली पोर गेली. म्हनली, मी मेल्यावर तेवढं देवाचं देवाला भरून दी. शेंदूर लाव. माज्या हातानं व्हायला हवं हुतं, पर माजं धाडस झालं न्हाई."

पुंजारामचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं. ते कसं काढायचं हे त्याला कळेना.

"मला का न्हाई बोलली?"

"मी इचारलं तिला. म्हनली, त्यांना लई गंमत वाटती त्याची. साल-साल कोयता मारून मानूस हासत नसतंय, पर त्या खडकापाशी गेलं की हासायचे. ते हासले मंजी मला जरा बरं वाटायचं. त्यांना कदी सांगू नको." गोरक्षनं मान खाली घातली. "म्हनून न्हाई बोललो. तेवढीच पट्टी रंगवली तर लोक इचारत्याल हितंच का, म्हनून म्हनलं सगळाच देव रंगवू. कुनाला कळायचं न्हाई."

पुंजारामला रडू आलं नाही, राग आला. तो आधी मुक्ताबाईवर आला. पन्नास वर्षं एका ताटात जेवलेल्या बाईनं एवढं पोटात ठेवावं? आणि मग राग वळून त्याच्यावरच आला. पोर गेली ती फडावर, तापानं, चार महिन्यांची होऊन. दुसऱ्या दिवशी दोघंही पुन्हा ऊस तोडायला उभे होते. उन्हाळ्यात गावी आल्यावर तो मुक्ताला माळावर घेऊन गेला होता. तिला जरा बरं वाटावं, तिनं हसावं म्हणून. तिनं पदर तोंडाला लावला होता. त्याला वाटलं होतं, हसली.

तो कठड्यावरून उठला, पण कुठं जायचं ते न सुचून पुन्हा बसला. दुपारपर्यंत दोघं तिथंच होते. पूजानं दोनदा जेवायला हाक मारली आणि तिसऱ्यांदा मारली नाही.

रविवारी सकाळी माळावर वस्तीतली साठ-सत्तर माणसं जमली. पूजानं पितळेच्या परातीत शेंदूर तेलात कालवला होता. गवंडी फरशीचं माप घेत होता. रोहिणीही आली होती. तिनं बऱ्याच अंतरावर उभं राहून शेवटचे दोन-चार फोटो काढून घेतले, आणि मग कॅमेरा पिशवीत टाकला.

गोरक्ष परात घेऊन पुढं झाला तेव्हा पुंजारामनं ती त्याच्या हातातून घेतली. पायातल्या वहाणा काढल्या, डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली आणि तो खडकापुढं गुडघ्यांवर बसला. हाताची दोन बोटं त्यानं शेंदरात बुडवली. बोटं पट्टीच्या वरच्या टोकाला ठेवली आणि हळूहळू खाली आणली, मग पुन्हा वर, पुन्हा खाली. कडेच्या जिवंत थराला तेल लागू नये म्हणून तो श्वास धरून काम करत होता. ऊस बुडख्याला, जमिनीलगत तोडताना हात जसा नेमका चालायचा, तसाच चालत होता. वीतभर जागा भरायला त्याला बराच वेळ लागला. मग त्यानं परात उचलून सुनेकडं दिली.

"झालं," तो म्हणाला.

गर्दीत चुळबुळ झाली. पुंजारामच्या वयाची रंगुबाई पुढं आली. वस्तीत ती कुणालाही काहीही विचारू शकायची.

"आरं पुंजा, येवढाच? आन बाकीचा देव?"

"बाकीचा त्याचा त्यानं लावलाय की."

"मग हितलाच का?"

"हितला आमच्याकडनं ऱ्हायला हुता," पुंजाराम म्हणाला.

रंगुबाईनं तोंड उघडलं होतं, पण त्याचा चेहरा बघून तिनं ते मिटलं आणि हात जोडले. तिचं बघून बाकीच्यांनी जोडले. रोहिणीनंही जोडले. आरती झाली. मग माणसं जेवणाकडं वळली आणि माळावर बाप-लेक तेवढे मागं राहिले.

"मनासारखं झालं का आप्पा?" गोरक्षनं विचारलं.

"तिच्या मनासारखं झालं असंल." पुंजाराम जमिनीवर हात टेकून उठला. "ती पाटी बसवनार हायस ना, तिच्यावर एकटीचं नाव नको घालू."

"तुमचंबी घालायचं?"

"माजं कशाला? मी हाय की जित्ता. पोरीचं घाल."

गोरक्ष थांबला. त्या बहिणीबद्दल घरात कधी कुणी बोललं नव्हतं. दवाखान्यात आईनंही तिला 'पहिली पोर' एवढंच म्हटलं होतं.

"नाव ठिवलं हुतं तिचं?"

"ठिवलं हुतं. फडावर एक ट्रक यायचा ऊस भरायला. त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरात कायतरी लिवल्यालं हुतं. तुज्या आईनं ड्रायव्हरला इचारलं, काय लिवलंय. त्यानं वाचून दाखवलं. तिला लई आवडलं. म्हनली, आपल्या लेकीचं ह्येच ठिवायचं." पुंजारामनं खिशातली टोपी हातात घेतली. पन्नास वर्षांत हे नाव त्याच्या तोंडून बाहेर आलं नव्हतं, आणि आता ते नीट यावं म्हणून तो जरा थांबला. "विजयमाला."

गोरक्षनं मोबाईल काढला आणि पाटी कोरणाऱ्याला फोन लावला. पाटीवर आणखी एक नाव घालायचं आहे म्हणून सांगितलं, ते हळूहळू दोनदा उच्चारलं. पलीकडून काहीतरी विचारणा झाली. गोरक्षनं फोन छातीशी धरला.

"आप्पा, तो इचारतोय, जोडून लिवायचं का तोडून?"

पुंजारामला लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी त्यानं विचार केला.

"जोडून," तो म्हणाला.